फिबाच्या नावापुढचा शब्द

फेअरलॉन मळा, सेंट किट्स
१० ऑगस्ट १८३४

प्रिय मिंबा,

पहिल्या ऑगस्टला तुमच्या अँटिग्वा बेटावर सगळेच्या सगळे गुलाम एकदम मोकळे झाले, असं गलबतावरच्या माणसांनी सांगितलं. म्हणजे तूही झालीस. हे वाक्य मी तीन वेळा लिहून पाहिलं, तरी हात अजून त्याला सरावलेला नाही.

दोन वर्षांपूर्वी मालकीणबाईंच्या पेट्यांबरोबर तुलाही गलबतात चढवलं, तेव्हा तू माझ्याशी बोलली नव्हतीस. मी काय ते समजलो होतो. तुझ्या लेकीला, फिबाला, बरोबर नेऊ द्या, एवढं एकच वाक्य मी बाईंपाशी बोलावं, असं तू म्हणाली होतीस. मी मोकळा माणूस, हपिसातला कारकून. माझा शब्द त्यांनी निदान ऐकून घेतला असता. मी बोललो नाही. तेव्हापासून तुझा निरोप नाही, माझं पत्र नाही. आता दिवस बदलले आहेत, म्हणून मीच सुरुवात करतो.

इथे मात्र तुमच्यासारखं झालं नाही. इथे शब्द बदलला. वहीत जिथे जिथे ‘गुलाम’ आहे तिथे काट मारून ‘शिकाऊ उमेदवार’ लिहायचं, असा हुकूम आला. मालकाला ‘कामदाता’ म्हणायचं. मुकादमाला ‘देखरेखदार’. पळून गेला तर ‘गैरहजर’. चार दिवस मी खोडतो आहे आणि लिहितो आहे. शेतात काम करणाऱ्यांनी आणखी सहा वर्षं त्याच मळ्यावर राबत हे शिकायचं आहे. म्हातारा क्वाको मला म्हणाला, “ओबेद, चाळीस वर्षं मी ऊस तोडतोय. आता मला शिकवणार कोण, ऊस?” सोमवारी कोणी कामाला गेलंच नाही. मग लष्कर आलं, आणि बुधवारपर्यंत सगळे शिकाऊ पुन्हा उसात.

पण तुझ्यासाठी खरी बातमी ही. सहा वर्षांखालची सगळी मुलं पूर्ण मोकळी आहेत. ती शिकाऊ नाहीत, कुणाचीच नाहीत. फिबाला आता पाच पूर्ण झाली आहेत. कायद्याने तिला कोणी अडवू शकत नाही. वादळाचे महिने सरले की नोव्हेंबरात तिला गलबतावर बसवून देतो. डोल म्हातारी तिला सांभाळते आहे, पोर ठीक आहे, फार बडबड करते.

तुझा भाऊ
ओबेद


फेअरलॉन मळा
७ डिसेंबर १८३४

प्रिय मिंबा,

तुझा निरोप पोचला. तुझ्या चॅपलमधल्या शिक्षिकाबाई माझी पत्रं तुला वाचून दाखवतात आणि आता त्यावरूनच तुला अक्षरं शिकवतात, हे ऐकून बरं वाटलं. बाईंना माझा नमस्कार. पत्र दुसऱ्याच्या तोंडून ऐकायचं म्हटलं की लिहिणाऱ्याला थोडं जपून लिहावं लागतं, ते तू समजून घे.

फिबाला नोव्हेंबरात पाठवायचं राहिलं. तिला हगवण लागली होती. आता बरी आहे. पण लगेच समुद्रावर पाठवणं डोलला पटलं नाही, मलाही नाही.

इथे बायकांचं आणि कारभाऱ्यांचं भांडण जुंपलं आहे. कारभारी मिस्टर पेनफोल्ड म्हणतात, तुमची मुलं मोकळी ना, मग मोकळ्या मुलांना मळ्याचा खारा मासा कशाला? दवाखान्यातलं औषध कशाला? उसाच्या बांधावर त्यांना सांभाळायला म्हातारी कशाला? सगळं बंद केलं. हवं असेल तर आईने मुलाला शिकाऊ म्हणून लिहून द्यावं, एकवीस वर्षांचं होईपर्यंत. एकाही आईने दिलं नाही. रोजाना नावाची बाई, तान्ह्या मुलाला पाठीवर बांधून ऊस तोडते. तिने कारभाऱ्यांना तोंडावर सांगितलं, “पोर भुकेनं मेलं तर मोकळं मरेल.” ते तिथून तडक निघाले. हपिसात येऊन माझ्यावर डाफरले.

त्यांच्या फडताळावर कायद्याचा एक जुनाट शब्दकोश आहे. काम नसलं की मी तो चाळतो. मिंबा, इंग्रजांच्या स्वतःच्या भाषेत बांधलेल्या माणसाला किती शब्द होते म्हणून सांगू! थ्रॉल म्हणजे पुरताच दास. नीफ म्हणजे जन्मापासून बांधलेली बाई. जमिनीबरोबर विकल्या जाणाऱ्या शेतकऱ्याला म्हणत व्हिलन, आणि तोच शब्द आता ते बदमाश माणसाला वापरतात. आधी माणसाला बांधलं, आणि मग त्याच्या नावाची शिवी केली.

मी मिस्टर पेनफोल्डना विचारलं, साहेब, हे सगळे लोक गेले कुठे?

“जाणार कुठे? आमचेच पणजोबे असतील,” ते म्हणाले. “शब्द जुना झाला, माणूस सुटला. तुमचंही होईल. दोनेकशे वर्षं धीर धर.” आणि हसले. मीही हसलो. हपिसात हसावं लागतं.

ओबेद


फेअरलॉन मळा
१५ मार्च १८३५

प्रिय मिंबा,

तू पाठवलेला निळा झगा गलबतवाल्या सॅमसनने आणून दिला. फिबाला तो थोडा मोठा होतो, पण डोलने कमरेला दुमड घातली आहे. दर रविवारी घालते. तू सॅमसनबरोबरच तिला पाठवायला सांगितलं होतंस. तो घाईत होता आणि गाळपाचा हंगाम ऐन भरात आहे. गिरणी सकाळपासून सुरू, काकवीच्या वासाने डोकं उठतं, मला एक दिवसही बासटेरच्या बंदरापर्यंत जाता येत नाही. हंगाम संपू दे.

पोर हुशार आहे. गवतटोळीत सगळ्यात भरभर काम तिचंच, असं डोल म्हणते. म्हणजे इतर मुलं गुरांसाठी गवत कापायला जातात, तेव्हा तीही त्यांच्याबरोबर जाते. मुलांना सोबत लागते. तू काळजी करू नकोस.

आपल्या आईच्या कबरीवर मी पेरूचं झाड लावलं होतं, ते धरलं आहे.

ओबेद


फेअरलॉन मळा
२० सप्टेंबर १८३५

प्रिय मिंबा,

सॅमसनने तुला सांगायला नको होतं. त्याला अर्धवट माहिती आहे. त्यापेक्षा माझ्याकडून ऐक.

फिबाच्या नावाचा कागद झाला आहे हे खरं. गेल्या नोव्हेंबरात झाला. ती आजारी होती, तीन दिवस पोटात पाणी ठरत नव्हतं. मोकळ्या मुलाला दवाखान्यात घेत नाहीत हे मी तुला लिहिलंच होतं. नाव वहीत असेल तर घेतात. कायद्यात असं आहे की ज्या मुलाला पोसणारं कोणी नाही, अशा मुलाला मॅजिस्ट्रेट मळ्याकडे शिकाऊ म्हणून बांधून देऊ शकतो. कारभाऱ्यांनी तसा अर्ज केला आणि कॅप्टन ऑर्मंड यांनी त्यावर सही केली. नवे मॅजिस्ट्रेट आहेत, माणूस भला आहे, पण त्यांच्यापुढे दिवसाला पन्नास कागद येतात.

तेव्हा पोर जगली आहे, हे आधी लक्षात घे. कागदाचं पुढे बघता येईल.

तू इथे येऊ नकोस. तू आलीस तर कारभारी बिथरतील आणि त्याचा त्रास फिबालाच होईल. मी आत आहे, मी हळूहळू त्यांचं मन वळवतो. माझ्यावर विश्वास ठेव.

ओबेद


फेअरलॉन मळा
३१ जानेवारी १८३६

मिंबा,

तुझ्या स्वतःच्या हातचं पहिलं पत्र मिळालं. एकच ओळ. “ते अक्षर तुझं होतं का?”

हो.

तुला ओळखू येणारच होतं. माझ्याच पत्रांवरून तू वाचायला शिकलीस. आता आपल्या दोघांत शिक्षिकाबाई नाहीत, म्हणून सोप्या शब्दांत लिहितो. तुला कुठे अडखळायला होऊ नये.

तू बारा जानेवारीला मळ्यावर आलीस, तेव्हा मी इथेच होतो. बासटेरला गेलोय असं चौकीदाराने तुला सांगितलं, ते मीच त्याला सांगायला लावलं होतं. हपिसाला लागून साखर निथळायला ठेवतात ती खोली आहे. मधली भिंत फळ्यांची आहे. मी त्या खोलीत मडक्यांच्या मागे उभा होतो. जे झालं ते सगळं मी ऐकलं, थोडं पाहिलंही.

तू पांढरा रुमाल बांधला होतास. तुझा आवाज पूर्वीपेक्षा जाड झाला आहे. कॅप्टन ऑर्मंडना तू बरोबर घेऊन आलीस, याचं मला फार नवल वाटलं. मॅजिस्ट्रेटला घोड्यावरून मळ्यावर आणणारी बाई या बेटावर मी पाहिली नव्हती. मिस्टर पेनफोल्डनी कागद पुढे केला. कॅप्टननी तो वाचला, तूही वाकून तो पाहिलास. “फिबा, वय पाच, निराधार.” तू म्हणालीस, “साहेब, मी तिची आई. मी जिवंत आहे. मी मोकळी आहे. ती निराधार कशी?”

त्यांनी उत्तर दिलं ते तू ऐकलंस, मीही ऐकलं. ते म्हणाले, “कागदावर माझी सही आहे, ती मी नुसती मनात आलं म्हणून मोडू शकत नाही. पण ज्याने हा शब्द लिहिला, त्याने माझ्यापुढे शपथेवर सांगावं की तो खोटा आहे. मी आत्ता हा कागद फाडतो. तुमचा कारकून कुठे आहे?”

मिंबा, आपल्या दोघांत एक फळी होती.

मला वाटलं होतं की माझे पाय आपोआप चालू लागतील. ते चालले नाहीत. खोटी नोंद करणाऱ्याला तुरुंग आहे, कैद्यांना तासन्‌तास पायांनी फिरवावी लागते ती पायचक्की आहे, हे मला माहीत होतं. पण त्या वेळी ते मनात आलं असंही नाही. मनात काहीच नव्हतं. मी मडक्यातून गळणाऱ्या काकवीकडे बघत होतो.

मग त्यांनी फिबाला बोलावलं. गवताचा भारा दाराशी टाकून ती आत आली. तू खाली बसलीस, हात पसरलेस. ती तुला ओळखेना. तिचा दोष नाही, तीन वर्षांची होती. मिस्टर पेनफोल्ड गोड आवाजात म्हणाले, “पोरी, तू कोणाची?” आणि ती ताठ उभी राहून म्हणाली, “फेअरलॉनची, साहेब.”

ते उत्तर मी तिला शिकवलं आहे. सकाळी हजेरी मी घेतो. नाव पुकारलं की मुलांनी मळ्याचं नाव सांगायचं, असा नियम आहे. पहिले काही दिवस ती “मिंबाची” म्हणायची. बाकीची पोरं हसायची, मुकादम काठी आपटायचा. म्हणून मी तिला बाजूला घेऊन शिकवलं. तिला मार बसू नये म्हणून. असं मी तेव्हा स्वतःला सांगितलं.

कागद तसाच राहिला आणि तू एकटी परत गेलीस. आता उरलेलं. मागच्या पत्रात मी लिहिलं की ती मरणाच्या दारात होती म्हणून कागद केला. ती आजारी होती हे खरं. पण कागद झाला त्या दिवशी ती उठून बसली होती. डोलने तिला मक्याची पेज भरवली होती आणि तिने आणखी मागितली होती. औषध मळ्याने दिलंच नाही. डोलने पाला उकळून दिला, त्यानेच ती बरी झाली.

खरं झालं ते असं. मिस्टर पेनफोल्ड माझ्या मेजापाशी येऊन उभे राहिले. म्हणाले, “एकही बाई ऐकत नाही. कुणीतरी पहिलं व्हायला हवं. तुझी भाची आहे ना? कारकुनाने स्वतःच्या घरातलं मूल दिलं म्हटल्यावर बाकीच्या नरमतील.” मी म्हणालो, तिची आई अँटिग्वात आहे, मी तिला पाठवणार आहे. ते म्हणाले, “मग तिला इथे कोण आहे? कुणी नाही. तसं लिही.” मी म्हणालो, मी आहे. ते म्हणाले, “तू तर माझ्या जिवावर आहेस, ओबेद.” धमकी नव्हती. नेहमीच्या आवाजात म्हणाले, आणि दौत माझ्याकडे सरकवली.

मी लिहिलं. शब्दकोश न बघता लिहिलं. अक्षर चांगलं आलं.

आणि बाकीच्या नरमल्या नाहीत. रोजाना नाही, इतर कुणीही नाही. आज सव्वा वर्ष झालं. आख्ख्या फेअरलॉनवर सहा वर्षांखालचं एकच मूल शिकाऊ म्हणून लिहिलं गेलं आहे. मी रस्त्याने गेलो की बायका बोलणं थांबवतात. डोल माझ्याशी बोलते, पण फक्त फिबाबद्दल.

मी उद्या कॅप्टन ऑर्मंडकडे जातो. शपथ घेतो. हे पत्र आधी टाकतो, म्हणजे मला परत फिरता येणार नाही.

ओबेद


बासटेर
१९ जून १८३६

मिंबा,

जानेवारीच्या पत्राला तुझं उत्तर आलं नाही. यालाही येणार नाही असं धरून चाललो आहे. पण पुढे काय झालं ते तुला कळलं पाहिजे.

पहिल्या फेब्रुवारीला मी गेलो नाही. दुसऱ्यालाही नाही. गाळप सुरू होतं, हिशेबनीस आजारी होता, अशी कारणं होती. सोळा दिवस गेले. सतरा तारखेला गेलो तेव्हा कॅप्टन ऑर्मंडच्या घराच्या खिडक्या लावलेल्या होत्या. पिवळा ताप. नऊ तारखेलाच त्यांना पुरलं होतं.

नवे मॅजिस्ट्रेट एप्रिलात आले. पहिल्या रविवारी ते मिस्टर पेनफोल्डकडे जेवायला होते. मी तरीही गेलो. शपथेवर सगळं सांगितलं, त्यांनी ते लिहून घेतलं. मग त्यांनी चष्मा काढून मला विचारलं, “म्हणजे तू त्या दिवशी खोटं बोलत होतास, की आज?”

त्या दिवशी, साहेब.

“तर मग तू खोटं बोलणारा माणूस आहेस. अशा माणसाच्या आजच्या शब्दावर मी आधीच्या मॅजिस्ट्रेटची सही मोडू?”

खोटी नोंद केल्याबद्दल मला सहा आठवडे झाले, पायचक्कीसह. नोंद मात्र कायम राहिली. दोन्ही गोष्टी त्यांनी एकाच कागदावर लिहिल्या. मी इतकी वर्षं कारकुनी केली, पण असा कागद माझ्या हातून कधी झाला नव्हता.

पायचक्कीचं तुला सांगत नाही. तू ते मागितलेलं नाहीस.

सुटल्यावर मळ्यावर पाऊल ठेवायला मला बंदी आहे. मी इथे धक्क्यावर पिंपं वाहतो. त्याचं मला काही वाटत नाही. वाटायला हवं होतं ते आधी.

मागच्या रविवारी डोल फिबाला घेऊन बाजारात आली होती. यामचे कंद विकायची तिला परवानगी मिळते. माझ्यासाठी आली नव्हती. मी तिथे होतो इतकंच. पोर सात वर्षांची झाली. पुढचे दोन दात पडले आहेत. गवताच्या विळ्याने डाव्या तळहातावर वण पडला आहे, पण हात नीट वळतो. तिने मला विचारलं, “मामा, ती पांढऱ्या रुमालाची बाई खरंच माझी आई होती?”

मी हो म्हणालो.

“मग मला सोडून का गेली?”

मी तिला सांगितलं. माणसाने लहान मुलाला सांगू नये असं मला वाटत होतं, तरी सांगितलं, कारण नाहीतर तिने तुला दोष दिला असता. आई तुला न्यायला आली होती, म्हणालो, पण एक कागद आहे, त्यावर लिहिलंय की तुला कोणी नाही. ते मी लिहिलं. ते खरं नव्हतं.

तिने माझ्या हातांकडे पाहिलं. मग म्हणाली, “मग खोडा ना.”

मी म्हणालो, मला आता खोडता येत नाही.

तिला ते कळलं नाही. डोलने यामची पाटी डोक्यावर घेतली आणि हाक मारली, आणि ती पळत गेली. वळून पाहिलं नाही. तिला डोलच्या पुढे जायचं होतं. चौदा वर्षांनी तिची मुदत संपेल. तेव्हा ती एकवीस वर्षांची असेल, साल १८५०. काही लोक म्हणतात की सगळ्यांचंच त्याआधी संपेल, विलायतेत बोलणं चाललं आहे. मी यावर काही लिहीत नाही. माझ्या लिहिण्यावर तू भरवसा ठेवावास असं आता काही राहिलेलं नाही.

फिबाला तुझ्या नावाची अक्षरं काढता येतात. मी तिला बाजारात मातीत बोटाने काढून दाखवलं. तिने एकदा काढलं, मग पायाने पुसलं, कारण लोक चालत होते.

ओबेद